नव्व्याण्णव नंबरची फाइल

अक्कलकोट रोडला पहाटे तीन अकराला लाइट गेली
आणि शेडमधले बावीस माग एका दमात थांबले.
जनरेटर खोकला, पण धरला नाही.
सर्व्हरच्या खोलीतली बॅटरी चार मिनिटं पीं पीं करत राहिली,
मग तीही गप.

लाइट आल्यावर मशीन उठलं.
आधी हातपाय मोजले, मग मेमरी, मग डिस्क,
आणि मग आपण कसं वागायचं हे वाचायला बसलं
फाइली उघडून, नंबरानं,
दहा, पन्नास, साठ.

तीन आठवड्यांपूर्वी मी एक आकडा बदलला होता.
म्हणजे चालत्या मशीनच्या कानात सांगितला होता, तोंडी:
मेमरी भरत आली तरी लगेच सामान डिस्कवर हलवू नकोस,
साठवर नको, दहावर राहा.
त्यानं ऐकलं. टॉवेलच्या ऑर्डरी सरसर उघडायला लागल्या,
डिस्पॅचचे गुर्रम काका पहिल्यांदाच हसले.
फाइलीत लिहायचं ते उद्या लिहू म्हटलं.
उद्या शुक्रवार होता. पुढं गड्डा लागला,
राहिलंच.

तोंडी सांगितलेलं लाइटीबरोबर जातं.

'काय करलालाव मॅडम, जावा की घरी,'
हणमंतू दारातून म्हणाला, बॅटरी माझ्या तोंडावर मारून.
मी फाइली बघत होते.
एकच गोष्ट दोघांनी सांगितली
तर जो शेवटी बोलला त्याचं खरं, असा तिथला कायदा.
म्हणून सगळ्यांच्या शेवटी नव्व्याण्णव.
मी ती कधी उघडलीच नव्हती.

आत इरेश धुत्तरगावकर.
माझ्याआधी याच खुर्चीत बसायचा, आता हैदराबादला.
त्याच्या ओळी मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत,
प्रत्येकीआधी ती आडवी-उभी जाळी,
जी दिसली की मशीन पुढचं वाचत नाही:
'दहा ठेवून पाहिलं. रात्री अडीचच्या बॅकअपला गुदमरतं.
वीस कर. करायचं राहून गेलं. इ.'

मी बॅकअपची नोंदवही काढली.
अर्धा. अर्धा. अर्धा.
तीन आठवडे रोज रात्री अर्धा,
आणि मी दिवसा वेग बघून खूश.

नान्ना साखर पेठेत जॅकार्डची कार्डं पाडायचे.
एका चादरीला हजारभर पुठ्ठे, दोरीनं ओवलेले,
भोक असेल तिथं सुई आत, नसेल तिथं मागं.
मोराची मान त्या भोकांत असायची.
लहानपणी मी एक पुठ्ठा उलटा केला तर मागं पेन्सिलीनं,
तेलुगूत, कुणा मेलेल्या माणसाचं अक्षर:
हे भोक चुकलंय, पण बुजवू नका, पुढच्या कार्डात सांभाळलंय.
'सुई हे वाचते?' मी विचारलं.
'सुईला काय वाचता येतंय,' नान्ना म्हणाले,
आणि पुठ्ठा सुलटा करून ओवला.

मागं एकदा त्यांना माझं काम समजावून सांगत होते.
'कर्नल? म्हणजे मिलिटरीतला?'
नाही हो, आतला. सगळ्यांच्या आतला.
'मग त्याला सांगतं कोण?'
मी हसले होते तेव्हा.

वीस लिहिलं.
त्याच्या ओळी तशाच ठेवल्या,
खाली जाळी मारून माझी एक:
'दहा मीही करून पाहिलं. तीन आठवड्यांचे बॅकअप गेले.
इरेशचं वाचलं नव्हतं.'
तारीख टाकली. नाव टाकावं की नको,
यात पाच मिनिटं गेली. टाकलं.

मग लाइट असताना, मुद्दाम,
मशीन बंद केलं.

पंखे थांबले.
भिंतीपलीकडं कुणीतरी एकेक माग चालू करत होतं,
चौथा जरा अडखळला.
पडदा काळा.
मी मोजत बसले: दहा, पन्नास, साठ